हद्दीत आलेली आत्या

माझी आत्या कुणाशी गोड बोलल्याचं मला आठवत नाही. नवऱ्याचं घर सोडून मी पिशवी घेऊन तिच्या दारात उभी राहिले, तेव्हाही ती म्हशीखालून उठली नाही. धार काढता काढता म्हणाली, "रडायचं असेल तर मागं जाऊन रड, इथं जनावर बुजतं. आणि खोलीला कडी आतून आहे, ती लावून झोपत जा." झालं माझं स्वागत. नवरा मागोमाग आला तर काय, हे मी विचारलंही नाही. तो आला असता तर त्याचं काही खरं नव्हतं. वस्तीत आत्याला पाठीमागं सगळे 'तोफ' म्हणत.

तोफेचा राग जुना होता. लग्न होऊन आली तेव्हा त्यांचा गोठा शहरातच, एका गल्लीच्या टोकाला होता. शेण, माश्या, शेजाऱ्यांच्या तक्रारी. शेवटी पालिकेनं तो पाडून टाकला. तिच्या नवऱ्यानं हाय खाल्ली आणि अंथरूण धरलं ते कायमचंच. तो गेल्यावर आत्यानं म्हशी शहराबाहेर काढल्या, हद्दीचा दगड ओलांडला आणि पलीकडच्या उघड्या माळावर खुंट ठोकले. तिथं ना रस्ता, ना दिवे, ना पाणी. विहीर तिनंच खणून घेतली. "आता इथून मला कोण हलवतंय बघते," असं ती येईल त्याला ऐकवायची.

पुढं माळाचे तुकडे पडून विकले गेले. वर चढावर घरांची ओळ उभी राहिली, आणि उताराला, आमच्या गोठ्याच्या अगदी खाली, एका निवृत्त हेडमास्तरांनी घर बांधलं. शिस्तीचा माणूस. अंगणात हारीनं गुलाब, फाटकाला पिवळा रंग. गोठ्याचं पाणी मात्र वाहत जाऊन त्यांच्याच भिंतीशी साचायचं. त्यांच्या धाकट्या मुलीला विषमज्वर झाला, ती मरता मरता वाचली. ती उठून बसायला लागली, तशी मास्तर आमच्याकडे आले. चपला दारातच ठेवून, फार सभ्यपणे.

"बाई, तुमच्या गोठ्याच्या पाण्याचं काहीतरी करा."

"गोठा आधीचा आहे, मास्तर. भिंत तुम्ही नंतर घातलीत."

"अहो, माझी पोर गेली असती!"

"मग डॉक्टरला सांगा. मी म्हशीवाली आहे."

"माणूस आहात की कोण आहात?"

"दूध उद्यापासून दुसरीकडून घ्या," आत्या म्हणाली आणि बादली विसळायला लागली.

चूक तिची होती. एक चर खणून पाणी दुसरीकडे वळवायचं, एवढंच तर काम. मी दोनदा फावडं हातात घेतलं, दोनदा तिनं ते काढून घेतलं. तिला वाटायचं, एकदा सरकलो की सरकतच राहावं लागतं.

मास्तर मग दारोदार फिरले. वस्ती शहराच्या हद्दीत घ्या, असा अर्ज त्यांनी केला आणि घरोघरी सह्या घेतल्या. नळ, दिवे, गटार कुणाला नको होतं? सगळ्यांनी आनंदानं सह्या केल्या. आमच्या दारात तेवढे ते आले नाहीत. मी एव्हाना शिवणकाम सुरू केलं होतं; मला कळलं ते माझ्याकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या बायकांकडून. मी आत्याला सांगितलं, तेव्हा ती पेंड कालवत होती. हात थांबले नाहीत. "शहर आपण होऊन आलं असतं तर मी समजू शकले असते. यानं बोलावून आणलंय," एवढंच बोलली.

शहर आलं. आधी वॉर्डाची पाटी आली, मग घरपट्टी, आणि नळाच्या कितीतरी आधी आला सॅनिटरी इन्स्पेक्टर. नाकाला रुमाल लावून तो गोठ्याबाहेर उभा राहिला.

"मावशी, शहराच्या हद्दीत म्हशी ठेवता येत नाहीत."

"मग हद्द मागं घ्या."

तो हसला. आत्या हसली नाही, म्हणून मग त्यानंही हसू आवरलं. पुढच्या वेळी गाडी आणून जनावरं उचलू, असं सांगून गेला.

पालिकेच्या हातून म्हशी नेऊ द्यायच्या नाहीत, हे तिनं त्याच क्षणी ठरवलं असावं. तिनं स्वतःच व्यापारी बोलावला. ट्रकला फळी लावली. एकेक म्हैस चढली, थोरली मात्र चढेना. व्यापाऱ्याचा माणूस शेपटी पिरगाळायला लागला, तसं आत्यानं त्याला असं ढकललं की तो शेणातच बसला. मग तिनं स्वतः म्हशीच्या मानेला हात लावून तिला वर नेलं. मास्तर गच्चीवरून बघत होते.

"बघा मास्तर, नीट बघून घ्या!" ती ओरडली.

मास्तर आत गेले नाहीत. वरूनच म्हणाले, "माझी मुलगी तापानं फणफणत होती, तेव्हा तुम्हीही अशाच बघत होतात."

आत्यानं मान वळवली आणि ट्रकची फळी स्वतःच ओढून काढली.

म्हशी गेल्या, पण गटार काही आलं नाही. खोदकाम माळाच्या पायथ्याशी येऊन थांबलं. चढावरच्या घरांचे संडासाचे खड्डे भरून वाहायला लागले आणि ती घाण थेट आमच्या रिकाम्या गोठ्यात शिरली. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून वॉर्ड ऑफिसात जात, 'फाइल पुढे गेलीय' हे ऐकून परत येत. आत्यानं अर्ज वगैरे केला नाही. तिनं दुधाची जुनी बादली त्या घाणीनं भरली, वर झाकण ठेवलं आणि मला म्हणाली, "चल." बसमध्ये आमच्या आजूबाजूच्या सीट पटापट रिकाम्या झाल्या. वॉर्ड ऑफिसात तिनं बादली सरळ इंजिनिअरच्या टेबलावर ठेवली आणि झाकण काढलं.

"हे काय?" तो खुर्चीसकट मागं सरकला.

"तुमचंच आहे. हद्द तुमची, तर हद्दीतली घाणही तुमची. ठेवून घ्या."

शिपाई पुढं आला. "हात लावलास तर सांडेन," आत्या म्हणाली. शिपायानं हात खिशात घातले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

त्याच आठवड्यात खोदायचं मशीन आलं. मोजणी झाली आणि कळलं की गटाराची लाइन जायची तर उतारानं, म्हणजे मास्तरांच्या अंगणातून. भिंत फुटली, गुलाबांची रांग उखडली. मास्तर पायजम्यावरच धावत बाहेर आले.

"हे तूच करवलंस!" आयुष्यात पहिल्यांदा ते परक्या बाईला एकेरीत बोलले असतील.

"उतार मी नाही ठरवला. गटार तुम्हीच मागितलं होतंत ना? घ्या."

आणि तिनं घरातून खुर्ची आणली, बांधावर ठेवली आणि संध्याकाळपर्यंत ते खोदकाम बघत बसली. मास्तरांची मुलगी एकेक रोप मुळासकट उचलून पाटीत ठेवत होती. मी आत्याला दोनदा हाक मारली, "पुरे झालं, आत ये." ती आली नाही. त्या दिवशी मला तिचा खरोखर तिटकारा आला. मी रात्री तिचं ताट वाढलं आणि माझ्या खोलीत जाऊन आतून कडी लावली.

पालिकेनं मास्तरांची भिंत काही पुन्हा बांधून दिली नाही. त्यांनी पत्रे लावले. त्यांच्या बायकोनं नंतर मुलीचा फ्रॉक माझ्याकडे शिवायला टाकला, तर आत्यानं त्यांना फाटकातून आत येऊ दिलं नाही. मापं मी रस्त्यावर उभी राहून घेतली. दोन्ही घरांचं बोलणं आजही नाही.

वास गेला, डास कमी झाले, घरात नळ आला. पहाटे उठायची गरज नसली तरी आत्या उठते आणि रिकाम्या गोठ्यात झाडू मारते. एकदा भांडी घासता घासता मी धीर करून म्हटलं, "आत्या, खरं सांग, हे बरंच झालं की नाही?"

तिनं घासलेलं पातेलं उचलून पालथं घातलं.

"झालं असेल बरं," ती म्हणाली. "मला कुणी विचारलं होतं का?" मग माझ्या हाताकडे बघून खेकसली, "आणि तो नळ बंद कर आधी. पाणी काय फुकट येतं?"