ओट्यापुढची फळी

लाकडी जमिनीवर फरशी घालायची असली की मिस्त्री आधी चपला काढत, घरातल्यांना गप्प बसवत आणि एकेका फळीवर टाच दाबत हिंडत. फळी करकरली की खडूची खूण. खूण केलेली फळी खालच्या वाशाला स्क्रूने आवळायची, मग वर प्लायवूड, त्यावर फरशी. खाली फळी हलती राहिली तर वरची फरशी तडकणारच. आणि फळी हलते की नाही, हे ते डोळ्यांपेक्षा कानांनी ओळखत.

"माझं ओरडणं यांना ऐकू येत नाही, फळीचं कुजबुजणं मात्र बरं ऐकू येतं," बायको म्हणायची. सगळे हसायचे. मिस्त्रीही हसायचे, अलीकडे जरा उशिरा.

लेकीने वरच्या मजल्यावर घर घेतलं. स्वयंपाकघराची जमीन जुन्या फळ्यांची. जावयाच्या मनात दुसरा कारागीर होता. हल्ली बाबांना प्रत्येक गोष्ट पुन्हा सांगावी लागते, असं तो जपूनच म्हणाला. लेक हटून बसली. फरशी घालतील तर बाबाच.

मिस्त्री अनवाणी फिरू लागले. खडूच्या चारदोन खुणा झाल्या. ओट्यापुढच्या फळीवर त्यांनी टाच दाबली आणि ती चांगली लांबलचक करकरली. ते तसेच पुढे सरकले. जावयाने लेकीकडे पाहिलं. ती ओढणीने खिडकीची काच पुसू लागली.

"बाकीच्या ठणठणीत आहेत," मिस्त्री म्हणाले.

थंडी सरता सरता ओट्यापुढची फरशी तडकली, अगदी त्या फळीच्या सांध्यावरून. मिस्त्री बघायला आले. गुडघे टेकून त्यांनी तड्यावरून नख फिरवलं.

"तुला ऐकू आलं होतं?"

"आलं होतं, बाबा."

"मग?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

ते तिथेच बसून राहिले. परक्याने तोंडावर शिव्या घातल्या असत्या, ते म्हणाले, पण निदान फळी तरी दाखवली असती. तिने चहा पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

मग जावयाचा कारागीर आला. फरशी आणि प्लायवूड उखडून झाल्यावर त्याने बुटासकट फळीवर पाय दिला. दाराशी स्टुलावर बसलेल्या मिस्त्रींनी फळीकडे पाहिलंच नाही. ते लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिचे डोळे किंचित मिटले.

"तीच," मिस्त्री म्हणाले, आणि खिशातला खडू त्यांनी कारागिराला दिला. त्याने खूण करून तो परत करायला हात पुढे केला, तोवर ते चपला घालत होते.