कोऱ्या चादरी आणि माझं कण्हणं

कोऱ्या चादरीच्या खळीचा वास आला की मी अजून नाक दाबून बाहेर पडतो. परदेशी पैशातून जिंतूरकडचं आमचं आरोग्य केंद्र सुधारलं आणि पाहणीला परदेशी पाहुणे यायचे ठरले. खरे आजारी चादरी मळवतील म्हणून केंद्राच्या साहेबांनी गावातल्या आम्हा धडधाकट नाटकवाल्यांनाच आजारी म्हणून खाटांवर निजवलं. मी असा झकास कण्हत होतो की टाळ्याच पडाव्यात! तेवढ्यात कळा सुरू झालेल्या सुनेला धरून एक म्हातारी आली. "मावशी, चादरी नव्या आहेत, पाहुणे येऊन जाऊ द्या," साहेब म्हणाले. "पोरगी मरायलीय, अन् तुमाला चादरीची पडलीय का?" म्हातारी कडाडली. शेवटी सून मागच्या व्हरांड्यात, उघड्या फरशीवर बाळंत झाली. तिच्या किंकाळ्या आत आलेल्या पाहुण्यांना ऐकू जाऊ नयेत म्हणून साहेबांनी मला खूण केली, आणि मी गळा फाडून कण्हलो. मित्र आजही त्या कण्हण्याची फर्माईश करतात, आणि मी, थू माझ्यावर, करून दाखवतो.