पवनचक्कीकाकांची तिरकी पाती

पवनचक्कीकाकांना राग आला की ते चष्मा काढून खिशात ठेवत. समोरच्याचं तोंड दिसू नये म्हणून. अमेरिकेत शुगर लँडमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये तो बहुतेक वेळ खिशातच असे.

तेल कंपनीतून रिटायर झाल्यावर बाकीचे काका गोल्फ शिकले. हे कॅमेरा घेऊन दूरच्या एका खेड्यात जाऊ लागले. तिथे वॉल्टर नावाचा म्हातारा अजून पवनचक्कीवर पीठ दळत असे. त्याच्यामागे ते शिकणारं कुणी नव्हतं. "फिरती पाती कुणीही टिपतं. ती थांबवणारा हात टिपायचा," काका म्हणत. वॉल्टर दळणाच्या गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावतोय, पीठ अंगठ्यावर चोळून बघतोय, पात्यांवर कापड चढवतोय, सगळं त्यांनी टिपलं.

एकदा मीही गेले, डबे, पाणी, निघायची वेळ, सगळं ठरवून. नेमका वारा पडला. "काका, चारला निघू या, नाहीतर ट्रॅफिक लागेल," मी म्हटलं.

"मग वाऱ्याला इन्व्हाइट पाठव ना," काका म्हणाले.

त्या दिवशी वॉल्टरने आम्हाला चक्कीची खूण सांगितली. पातं तळाला येण्याआधी थांबवलं, तर घरात आनंद आहे. तळ ओलांडून जरासं पुढे थांबवलं, तर घरात कुणी गेलंय.

वॉल्टर गेला तेव्हा त्याच्या मुलीने पाती तशीच थांबवली. काकांनी तो फोटो काढला आणि खुणेचा अर्थ लिहून मंडळाच्या कॅलेंडरसाठी दिला.

कॅलेंडर छापून आलं. आभाळ गुलाबी. पाती अधिकच्या चिन्हासारखी सरळ. काकांनी लिहिलेलं गायब, आणि खाली 'शुभ दीपावली'!

"अहो काका, बिल्डिंग सरळ आणि पंखा तिरका दिसत होता," कॅलेंडर करणारा नितीन म्हणाला. "एआयने एका मिनिटात फिक्स केला."

"अरे, माणूस गेलाय त्या फोटोत!"

"माणूस कुठे होता? मी झूम करून बघितलं. फ्रेममध्ये कुणीच नव्हतं."

काकांनी चष्मा काढला. त्यानंतर मंडळाला त्यांनी एकही फोटो दिला नाही. सगळे माझ्याकडे सोपवले. "तू नीट लावून ठेवशील. सरळ मात्र करू नकोस," एवढंच म्हणाले.

या उन्हाळ्यात काका गेले. शोकसभेसाठी मूळ फोटो मी नितीनला आठवडाभर आधी पाठवला होता, 'काहीही बदलू नये' असं ठळक लिहून. हॉलमध्ये शिरले तर पडद्यावर तेच गुलाबी आभाळ, तीच सरळ पाती.

"ताई, हा जास्त हॅपी वाटतो ना," नितीन म्हणाला. "सेलिब्रेशन ऑफ लाइफ आहे."

मी त्याच्या लॅपटॉपची वायर उपटली आणि माझ्या लॅपटॉपला जोडली. राखाडी आभाळ आलं. तळ ओलांडून थांबलेलं पातं आलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, फोटो वाकडा आलाय."

मी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला आणि बोलायला उभी राहिले.