उताणा गोवर्धन

उताणं पोहण्यात गोवर्धनचा हात धरणारा वऱ्हाडात कोणी नव्हता, पण आपण चॅम्पियन कसे झालो हे त्याला स्वतःला कधी उमगलं नाही. कोणाजवळ शिकला, असं लोक विचारायचे आणि हा नुसतं डोकं खाजवायचा. खरं तर त्याला आईनं शिकवलं होतं, आणि त्या माउलीला घोट्याच्या वर पाणी आलं तरी धडकी भरायची.

अमरावतीबाहेर मोर्शीच्या रस्त्याला त्यांचा फुलांचा मळा होता. थोरला भाऊ देवीदास मळ्यातल्या विहिरीत बुडून गेला, तेव्हा आईला, पार्बताबाईला, त्याची फक्त पाठ दिसली होती. तोंड पाण्यात होतं. त्या दिवसापासून धाकट्याला विहीर बंद. पण मळ्यातल्या पोराला विहिरीपासून कोण आणि किती दिवस राखणार? शेवटी तिनं अट घातली.

"पोह्य, पण तुयं तोंड मले दिसत राह्यलं पाह्यजे. अन् म्या पदर हालवला का मुकाट्यानं भायेर यायचं."

मग ती काठावर झेंडूचे हार ओवत बसायची आणि खाली हा पाठीवर पडून, तिच्या तोंडाकडे पाहत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हात मारायचा. पदर हालला की बाहेर. मिसरूड फुटलं तरी तोच शिरस्ता.

व्यायामशाळेचे शालिकराम मास्तर एकदा हार न्यायला आले, विहिरीत डोकावले आणि पोरालाच घेऊन गेले. अमरावतीच्या शर्यतीत तो सगळ्यांच्या पुढे निघाला, पुढच्या सालीही निघाला. गळ्यात हार पडला की हा टाळ्या ऐकायच्या ऐवजी फुलं आपल्या मळ्यातली आहेत का ते बघत बसे. एवढं कौतुक कशाचं चाललंय, याचा त्याला पत्ताच लागत नसे.

अकोल्याची शर्यत मात्र वेगळी होती. तिथं पहिला येईल तो प्रांताच्या शर्यतीला नागपूरला जाणार होता. नागपूरला जावं असं गोवर्धनला मनापासून वाटू लागलं होतं, आणि हे वाटणंही त्याला नवीनच होतं. तो हट्टानं म्हणाला, "माय, एकडाव तरी पाहाले चाल."

पार्बताबाई तलावाच्या पायऱ्यांवर बसली. शर्यत तिथूनच सुटायची आणि पलीकडच्या भिंतीला संपायची. गोवर्धन सुटला. आईचं तोंड समोर होतं, बाकीचे पोहणारेही समोर, म्हणजे मागे पडलेले. भिंत थोडीच राहिली असेल, तेवढ्यात पायऱ्यांवर पदर हालला.

त्यानं विचार केलाच नाही. हुकूम तो हुकूम. झटकन पालथा झाला, पाण्यात तोंड घातलं आणि आईकडे सपासप निघाला. पार्बताबाईला आता फक्त पाठ दिसत होती. तिनं असा हंबरडा फोडला की अर्धा तलाव उठून उभा राहिला. तो पायरीशी आला तेव्हा तिनं त्याला आधी थोबाडीत दिली आणि मग छातीशी धरलं. नागपूरला दुसराच कोणी गेला.

परतीच्या गाडीत, बडनेरा आल्यावर तिनं विचारलं.

"काहून पलटला रे?"

"तूच त पदर हालवला."

"म्या कायले हालवू? डोये पुसले. तू लय दूर गेल्ता बापा, तोंडच दिसत नोतं."

चूक कोणाची, हे गोवर्धनला ठरवता येईना. रागवावं तर कोणावर?

पुढच्या साली अकोल्याला निघताना तिनं त्याच्या हातात भाकरी बांधून दिली. "मी येत नाई. मी असली का तू मलेच पायत राह्यतं. तू जाय."

त्या साली तो जिंकला. भिंतीला हात लागला, तलाव दणाणला, मास्तर हार घेऊन काठावर नाचू लागले. "अबे निघ भायेर! नागपूर! नागपूर!"

गोवर्धन निघेना. पाठीवर तसाच पडून तो पलीकडच्या पायऱ्यांकडे पाहत राहिला. तिथं कोणीच नव्हतं, आणि पदर हालल्याशिवाय पाण्यातून बाहेर कसं यायचं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.