पाठ टेकली की संपलं

बायको गेल्यापासून लेकीचा पुण्याहून दर रविवारी दुपारी फोन येतो. “जेवलात का?” “जेवलो.” “दुकानात गिऱ्हाईक हाय का?” “हाय.” पुढं दोघांनाही काही सुचत नाही. दोन मिनिटांत फोन बंद, आणि मग वसमतच्या त्या घरात मी आणि पंख्याचा आवाज.

दिवाळीला आली तेव्हा तिनं आपलं जुनं गेमचं यंत्र टीव्हीला जोडून दिलं. “तुमी इथून खेळा, मी तिथून. फोन चालूच ठेवू,” म्हणाली. मारामारीचा गेम, दोन गडी समोरासमोर, हातात बटणांचा कंट्रोलर. मी हरखलो, पण दर डावात अर्ध्या मिनिटात आडवा. तिसऱ्या रविवारी फोनमधून तिची जांभई ऐकू आली. पोरगी कंटाळली तर पुन्हा ‘जेवलात का’वर येणार होतो.

म्हणून दुकानातून जेवायला आलो की रोज यंत्राशी झुंजू लागलो. अंगठ्याला फोड आले. लाथ मारायला जावं तर माझा गडी उडी मारी, आणि मी रिकाम्या घरात त्याला शिव्या हासडी. पण खरी खोड वेगळीच होती. मी जत्रेतल्या कुस्त्या बघत वाढलेला माणूस. समोरच्याची पाठ जमिनीला टेकली की कुस्ती संपली. त्यामुळं गडी पाडला की मी कंट्रोलर मांडीवर ठेवून देई. इथं मात्र पडलेला उठतो आणि तुडवतो. कितीदा मार खाल्ला, सवय काही गेली नाही.

लेक हसायची. “बाबा, हा आखाडा न्हाई!” लहानपणी खांद्यावर बसवून तिला कुस्त्या मीच दाखवल्या होत्या.

परवाच्या रविवारी पहिल्यांदाच माझी लाथ बराबर बसली. तिचा गडी उताणा पडला, आणि माझे हात नेहमीसारखे कंट्रोलरवरून सुटले. आता उठून तुडवणार म्हणून वाट पाहिली. तिनं त्याला उठवलंच नाही. पडद्यावर डावाचे उरलेले सेकंद उतरू लागले.

“ऊठ की गं.”

“पाठ टेकली, बाबा. तुमी जिंकलात.”

मला जिंकायचं कुठं होतं? मी कंट्रोलर पुन्हा हातात घेतला.

“ऊठ, पोरी,” मी म्हणालो, “इतक्यात काहून संपवून राहिलीस?”