वन्संचा पुढचा दात

माझ्या नणंदेचं, म्हणजे वन्संचं, शिवणकामाचं दुकान आहे. कात्री त्यांना लागायची ती फक्त कापडासाठी. दोरा त्या पुढच्या दातानं तोडत. मशीन थांबलं, मान वाकली, कट्! मला ते किळसवाणं वाटे, आणि मी तसं तोंडावर म्हणालेही होते. माझ्या हातच्या अभ्र्याला त्या एकदा "पोतं" म्हणाल्या होत्या, त्याची ती परतफेड.

मग मी आजारी पडले. छातीतल्या जंतूंसाठी कडक औषधं झाली. छाती बरी झाली आणि पोट बिघडलं ते थांबेचना. औषध घेतलं की थोडे दिवस बरं, पुन्हा तेच. अंगाची अगदी काडी झाली.

डॉक्टरीणबाईंनी मला, ह्यांना आणि वन्संना बसवून समजावलं. आतड्याच्या आत एक बुळबुळीत थर असतो. त्यातली प्रथिनं आपलं शरीरच बनवतं, आणि त्यांना साखरेच्या फांद्या असतात. चहातल्यासारखी साधी साखर नव्हे; अनेक कण एकमेकांत गुंतलेले, जोड वेगवेगळे. आतड्यातले जिवाणू ते जोड सोडवतात. एक जण टोकाचा कण सुटा करतो, दुसरा तो खातो, तिसरा पुढचा जोड तोडतो. शरीर नवा थर घालत राहतं आणि सगळं सुरळीत चालतं. माझ्या औषधांनी यातले बरेचसे मेले. सुटलेली साखर नुसती पडून राहिली आणि तिच्यावर भलताच जंतू माजला.

मी नुसतीच मान डोलावली. वन्सं म्हणाल्या, "म्हणजे उसवणारे उरलेत, तुकडे उचलणारे गेले. मग पसाऱ्यात उंदीर होणारच."

"अगदी तसंच," बाई हसल्या. उपाय असा, की निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू माझ्या आतड्यात सोडायचे. ह्यांच्या तपासणीत काहीबाही निघालं. वन्सं पास झाल्या.

"उद्या माझ्यासारखी तोंडाळ झालीस तर मला बोल लावू नकोस हं," त्यांनी बजावलं.

सगळं ठीक पार पडलं, असंच मला वाटत होतं. मी सावकाश बरी झाले. पहिल्यांदा पोटभर जेवले तेव्हा ताटावरच रडू आलं. हिंडायला लागल्यावर आम्ही दोघं वन्संच्या दुकानात गेलो. मशीन थांबलं, मान वाकली, दोरा तोंडाशी गेला आणि तिथंच अडला. मग त्यांनी कात्री शोधली.

"वन्सं, दात कुठं गेला?"

"पडला. वय झालं आता."

"पडला कसला!" हे म्हणाले. "तुझी तारीख ठरली आणि हिचा दात ठणकायला लागला. जंतू मारायच्या गोळ्या घेऊन वाचला असता. पण गोळ्यांनी हिच्या आतड्यातले जिवाणूही मेले असते, तुला कितीतरी महिने थांबावं लागलं असतं. तेवढी तू टिकणार नव्हतीस. म्हणून हिनं दात उपटून घेतला. बाईंनी पुन्हा तपासण्या करून मगच होकार दिला. तुला सांगायचं नाही अशी तंबी होती."

"तुझ्या जिभेला काही हाड?" वन्सं भावावर खेकसल्या.

वन्संच्या जिवाणूंचं अख्खं बिऱ्हाड माझ्या पोटात नांदतंय, म्हणून मी उभी आहे. आणि मी यांच्या दाताला नावं ठेवली होती. या बाईचे उपकार कसे फेडायचे, मला खरंच कळत नाही.

वन्संनी शिवण संपवली आणि कात्रीसाठी हात लांबवला. त्याआधी मी वाकले आणि दोरा माझ्या दातानं तोडला.

"शी!" वन्सं म्हणाल्या. "किळसवाणी सवय." आणि त्यांनी पुढची शिवण मशीनखाली सरकवली.