शंभर पेशी, एक घंटी

लॅबमध्ये आलेलं रक्त आम्ही दोन-तीन दिवसांनी टाकून देतो. कचऱ्याची गाडी येते, पिशव्या उचलते, विषय संपला. किस्से मात्र कुणी उचलून नेत नाही! सोलापुरातल्या या एकाच लॅबमध्ये मी तेवीस वर्षं टेक्निशियन आहे. सगळं डोक्यात साचलंय. जरा ऐका, तेवढंच ओझं कमी.

माझं काम म्हणजे मायक्रोस्कोपला डोळा लावून पांढऱ्या पेशी मोजणं. मशीन मोजतं, पण आकडा जरा वेडावाकडा आला की आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम म्हणतात, "हातानं बघा." मग बटणांचा डबा घ्यायचा. प्रत्येक जातीच्या पेशीला वेगळं बटण. शंभर झाल्या की टिंग! की पुन्हा शून्यापासून. सगळ्यात झिजलेलं बटण न्यूट्रोफिलचं. अंगात जंतू शिरले की पहिल्यांदा धावतात त्या याच, आणि लढून मरतातही याच.

घरी बायको विचारते, "आज काय केलं?"

"मोजलं."

"किती?"

"शंभर."

"काल बी शंभरच होते की हो! तेवीस वर्षांत पुढं सरकला नाहीत!"

मी जेवायला बसतो.

*

एकदा एका माळी नावाच्या पेशंटला फोनवर रिपोर्ट सांगितला. "न्यूट्रोफिल अठ्ठ्याऐंशी टक्के, वाढलेत. डॉक्टरांना दाखवा." मागं कूलर घरघरत होता, म्हणून तीनदा सांगितलं.

अर्ध्या तासात माणूस गाडी मारत दारात! "ओ, आमी माळी. आमच्या घरात नूतन पाटील कुणी न्हाय! कुणाचा रिपोर्ट माझ्या गळ्यात मारताय?"

मी कागद पुढं केला, 'न्यूट्रोफिल' या शब्दावर बोट ठेवून वाचून दाखवला. त्यानं दोनदा डोळे बारीक करून बघितलं.

"ते समदं खरं. पर ह्या पाटलीणबाई माझ्या रक्तात काय करत्यात?"

*

वैरागचे एक गृहस्थ पोराला घेऊन आले. पोरगं पोट धरून वाकलेलं. रिपोर्ट निघाला, न्यूट्रोफिल ब्याण्णव टक्के. मॅडम लगेच सर्जनला फोन लावायला आत पळाल्या, अपेंडिक्सचीच लक्षणं होती.

इकडं बापाचा चेहरा एकदम खुलला. "ब्याण्णव? खरंच ब्याण्णव?"

"अहो, हे चांगलं नाही..."

"ऱ्हाऊ द्या वो! दहावीला बावन्न पडले व्हते याला!"

पोरगं वेदनेतही लाजलं. ऑपरेशन झालं, ठणठणीत आहे. बाप अजून भेटला की टक्के काढतो.

*

करकंबचे एक आजोबा. गुडघा टम्म सुजलेला, लालभडक. डॉक्टरांनी सुईनं पाणी काढून तपासायला पाठवलं. बघतो तर न्यूट्रोफिलची नुसती जत्रा!

"जंतू घावलं का?" आजोबांनी विचारलं.

"नाही. यूरिक ॲसिडचे सुयांसारखे खडे घावलेत. ते बघून तुमच्याच पेशी बिथरल्यात आणि तुमचाच गुडघा झोडपतायत."

"बाहेरचं कुणी न्हाई?"

"कुणी नाही."

"समदी आपल्यातलीच?"

"आपल्यातलीच."

आजोबांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "म्हंजी भावकी! बांधावरनं उठली, हितं येऊन बसली व्हय!"

*

आता पद्माक्का. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात त्या चेकिंगला. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. छातीच्या कॅन्सरची केमो चालू होती. प्रत्येक डोसच्या आधी रक्त तपासायचं. इथं टक्के नाही, रक्ताच्या एका बारीक थेंबातले न्यूट्रोफिल धरतात; ते पंधराशेच्या वर असले तरच डोस, नाहीतर पुढं ढकला. दोनदा ढकलला होता. तिसऱ्यांदा आल्या, तर चारशे!

"दाखवा की भाऊ मला. टॉवेलातला एक तुटका धागा हुडकते मी, ह्या पेशी सुटत्यात व्हय माझ्या नजरेतनं?"

मॅडमनी मान डोलावली. अक्कांनी डोळा लावला. "ही का? दोऱ्याला तीन गाठी मारल्यागत?"

"हीच."

त्या बराच वेळ स्लाइड सरकवत राहिल्या. "दुसरी कुटं हाय?"

मोजणं माझ्या हातात, वाढवणं नाही. त्या दिवशी मला या नोकरीचा मनापासून वीट आला.

त्यांच्या डाव्या हाताच्या बोटाला कारखान्यात सुई टोचली होती. बोट लाल, ठणकत होतं. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना दाखवा. तुमचं बोट पिकणार नाही. पू म्हणजे ह्याच पेशी, लढून मेलेल्या. पेशीच नाहीत तर पू कुठनं येणार? जंतू मोकाट अंगभर पसरतील."

डॉक्टरांनी त्यांना तसंच ॲडमिट करून घेतलं.

आठवड्यानं सकाळी ऐन गर्दीत दार उघडून पद्माक्का आल्या, दवाखान्यातनं नुकत्या सुटलेल्या. तोंडाला मास्क, बोट वर धरलेलं. "भाऊ! पिकलं!"

रांगेतल्या बायकांनी नाकाला पदर लावले. मी रक्त घेतलं. मशीननं आकडा दिला, मॅडम म्हणाल्या, "हातानं बघा." अक्का दारातच उभ्या. मी बटण दाबत होतो, दाबत होतो. टिंग! आलेल्या टक्क्यांना मशीनच्या एकूण आकड्यानं गुणलं.

"किती?"

"एकवीसशे. डोस मिळणार अक्का!"

त्यांनी तिथूनच नवऱ्याला फोन लावला, आनंदाच्या भरात मराठीतच. "अवो, पू झालाय! व्हय, पू! पेढे घिऊन या!"

बाकावरची माणसं सरकून बसली. एक म्हातारबाबा तेवढे जवळ आले, बोट निरखून हळूच म्हणाले, "पोरी, हळद लाव. दोन दिसांत जाईल बघ."

अक्कांनी बोट पदराखाली झाकलं.

"नको वो मामा! लई दिसांनी आलाय!"